डॉक्टर कार्ल लुएगर : एका लोकप्रिय नगराध्यक्षाचे चरित्र आणि त्यापासून घ्यावयाचा बोध

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी काही विद्वान वक्ता नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि उभी हयात मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात घालविली, एवढेच माझे भांडवल. अशा प्रसंगी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे गुणसंकीर्तन करावे असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तथापि आज मी जरा आडवाटेने जाणार आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना शहरी, होऊन गेलेल्या एका नगराध्यक्षाचे चरित्र मी आपणांपुढे मांडणार आहे. त्याचे नाव डॉक्टर कार्ल लुएगर.

हा मनुष्य ना आपल्या देशाचा, ना आपल्या भाषेचा. मग त्याच्याशी आपले काय नाते, असे कोणी विचारील. नाते असे की, त्याला ज्यांनी मोठे केले ते लोक आपल्यासारखेच होते. लहान दुकानदार, कारागीर, कारकून, शिक्षक आणि त्यांच्या निरनिराळ्या संघटना, हेच त्याचे बळ. या लोकांना त्याने पाणी दिले, दिवे दिले, ट्रामगाड्या दिल्या. आणि त्याच हाताने शेजाऱ्याचा द्वेषही दिला. त्याचे भक्त पहिली गोष्ट सांगतात आणि त्याचे टीकाकार दुसरी. परंतु या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या हातून घडल्या, हेच ध्यानात घेण्यासारखे आहे.

लुएगरचा जन्म २४ ऑक्टोबर १८४४ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्याचे वडील पूर्वी सैन्यात होते. पुढे ते तेथील तंत्रविद्येच्या महाविद्यालयात शिपायाची नोकरी करू लागले. वडिलांच्या मागे आईने मुलींच्या मदतीने तंबाखूचे दुकान चालवून संसार रेटला. शिपायाच्या या मुलाने सरदार-दरकदारांच्या मुलांसाठी असलेल्या ‘थेरेसियानम’ या नामांकित विद्यालयात शिक्षण घेतले. इतर मुले तेथील वसतिगृहात राहात. हा घरून जाऊन येऊन शिके. पुढे १८७० साली त्याने कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळविली आणि वकिली आरंभिली. गरिबांचा वकील म्हणून त्याचे नाव झाले. आपल्या आईविषयी त्याला पराकाष्ठेची भक्ती होती आणि तो अखेरपर्यंत अविवाहित राहिला. येथवरचे चरित्र कोणत्याही मुलाच्या हाती द्यावे असेच आहे.

१८७५ साली तो नगरसभेत निवडून आला. प्रारंभी तो उदारमतवादी पक्षाचा होता. नगरसभेतील वशिलेबाजी आणि ठेकेदारांचे गैरव्यवहार यांवर त्याने कडाडून हल्ले चढविले. या कामी त्याचा खांद्याला खांदा लावून लढणारा सहकारी होता इग्नाझ मांडल नावाचा एक डॉक्टर. हे मांडल यहुदी होते. हे नाव आपण लक्षात ठेवावे; पुढे त्याचे कारण दिसेल.

आता त्या काळच्या व्हिएन्नाची स्थिती पाहू. मे १८७३ मध्ये तेथे जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याच महिन्यात तेथील शेअरबाजार कोसळला. अनेक पेढ्या बुडाल्या आणि सामान्य माणसाची पुंजी नाहीशी झाली. दुसरीकडे कारखान्यांत तयार झालेले कपडे व जोडे बाजारात येऊन शिंपी, चर्मकार, सुतार यांचे धंदे बसू लागले. म्हणजे या लोकांचे दुःख खोटे नव्हते. त्यांची मुले उपाशी होती, त्यांच्या दुकानांवर कर्जे होती आणि राज्यकर्त्या उदारमतवाद्यांना त्यांची दादफिर्याद ऐकण्यास सवड नव्हती. अशातच १८८२ साली संसदेच्या निवडणुकीसाठी मतदानाची अट शिथिल होऊन, वर्षाला पाच गुल्डन कर भरणाऱ्या पुरुषास मताचा हक्क मिळाला. पुढे नगरपालिकेतही हीच सवलत आली. लहान दुकानदाराच्या हाती प्रथमच मत आले. त्या मताला कोणीतरी वाट दाखवावयास हवी होती.

याच सुमारास व्हिएन्नातील यहुदी लोकांची वस्ती झपाट्याने वाढत होती. आपल्या कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल लोक आपणांस ठाऊक आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतके आपल्या गावांतून नांदले आणि धर्मावरून त्यांचा कोणी छळ केला नाही. युरोपात मात्र तसे नव्हते. ऑस्ट्रियात यहुद्यांना समान नागरी हक्क मिळाले ते १८६७ च्या राज्यघटनेने. त्यानंतर खेड्यापाड्यांतून ते राजधानीत येऊ लागले. १८५७ साली व्हिएन्नात त्यांची संख्या सहा हजारांच्या आसपास होती. १९१० साली ती पावणेदोन लाख झाली. तेव्हा शहराची एकूण वस्ती वीस लाखांवर होती. या यहुद्यांत काही पेढीवाले, काही वृत्तपत्रांचे मालक, पुष्कळसे डॉक्टर व वकील होते. परंतु बहुसंख्य लोक फेरीवाले, शिंपी, हमाल असे गरीबच होते. शेअरबाजार एखाद्या शिंप्याच्या आळीत येऊन दिसत नाही. शेजारचा यहुदी फेरीवाला मात्र रोज दिसतो. दुःखाचे खरे कारण दूर आणि गुंतागुंतीचे असले की, जवळच्या माणसाकडे बोट दाखविणे सोपे जाते.

लुएगर याने हे ओळखले. १८८५ साली तो संसदेत गेला आणि १८८७ साली, रशिया-रुमानियाकडून येणाऱ्या यहुदी निर्वासितांस प्रतिबंध करण्याच्या विधेयकाच्या बाजूने त्याने मत दिले. डॉक्टर मांडल यांचा आणि त्याचा मार्ग तुटला. ज्या सहकाऱ्याच्या आधाराने तो नगरसभेत लढावयास शिकला, त्याच्याच समाजाला शत्रू ठरवून त्याने पुढची वाट धरली. १८९३ च्या सुमारास त्याचा ‘ख्रिस्ती सामाजिक पक्ष’ आकारास आला. कारागिरांचे संघ, धार्मिक मंडळे, दुकानदारांच्या संघटना या साऱ्यांना त्याने एका सूत्रात ओवले. तो दिसावयास देखणा होता. लोक त्याला कौतुकाने ‘सुंदर कार्ल’ म्हणत. व्हिएन्नाच्या गल्लीबोळांतील बोली तो सफाईने बोले. लग्नसमारंभास, बारशास, मंडळाच्या वर्धापनदिनास तो जातीने हजर राही आणि माणसाचे नाव विसरत नसे.

१८९५ साली त्याच्या पक्षाने नगरसभा काबीज केली आणि त्याची नगराध्यक्ष म्हणून निवड झाली. परंतु त्या निवडीस बादशहाची मान्यता लागत असे. बादशहा फ्रान्झ जोसेफ यांनी ती नाकारली. आपल्या साऱ्या प्रजाजनांस कायद्याने समान हक्क दिले असता, त्यांतील एका समाजाविरुद्ध चेतवणी देणाऱ्यास राजधानीचा नगराध्यक्ष कसा करावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मनाचे आजार अभ्यासणारे सुप्रसिद्ध डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड हे व्हिएन्नाचेच यहुदी. प्रकृतीसाठी त्यांनी धूम्रपान आवरते घेतले होते. परंतु या नकाराच्या आनंदात आपण त्याचा अतिरेक केला, असे त्यांनी एका मित्रास लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. हा आनंद टिकला नाही. नगरसभा लुएगरलाच पुनःपुन्हा निवडून देत राहिली, नकाराने त्याची लोकप्रियता उलट दुणावली आणि अखेर पाचव्या निवडीनंतर, एप्रिल १८९७ मध्ये, बादशहांना मान्यता द्यावी लागली. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, तो व्हिएन्नाचा अनभिषिक्त राजाच होता.

या तेरा वर्षांतील त्याचे कार्य खरोखरच मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचे काही कारण नाही. शहराला दिव्याचा गॅस पुरविणारी कंपनी इंग्रज भांडवलाची होती. नगरपालिकेने स्वतःचा कारखाना सिमरिंग येथे उभारला आणि १८९९ साली तो चालू केला. तेथील चार प्रचंड गोलाकार टाक्या आजही उभ्या आहेत. २००१ सालापासून त्यांत लोकांची घरे आहेत. पाठोपाठ वीजपुरवठा आणि ट्रामगाड्या नगरपालिकेने आपल्याकडे घेतल्या. मुंबईची वीज व ट्राम कंपनी महानगरपालिकेकडे आली ती १९४७ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व पटेल. १९०४ साली लाइंत्स येथे निराधार वृद्धांसाठी मोठे आश्रयस्थान उघडले. १९०५ साली शहराभोवतीची वने व कुरणे बांधकामापासून कायमची राखून ठेवण्याचा ठराव झाला. ती हिरवी मेखला आजही त्या शहराला आहे. सर्वांत मोठे काम पाण्याचे. १९०० साली सुरू झालेला दुसरा जलमार्ग स्टिरियाच्या पर्वतातील झऱ्यांचे पाणी सुमारे १८० किलोमीटर अंतरावरून, पंपाचे साह्य न घेता, केवळ उताराने शहरात आणतो. डिसेंबर १९१० मध्ये तो वाहू लागला. परंतु ते पाहण्यास लुएगर हयात नव्हता. नगरपालिकेने बांधलेल्या प्रत्येक इमारतीवर, ती लुएगर नगराध्यक्ष असताना बांधली, अशी पाटी मात्र न चुकता बसे. पाट्यांची ही हौस आपणांस अपरिचित नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. नगरपालिकेची सेवा वाढली तशा नोकऱ्या वाढल्या आणि त्या पक्षाच्या माणसांना मिळू लागल्या. यहुद्यांना तेथे दार जवळजवळ बंदच झाले. विरोधी मतांच्या शिक्षकांवर तर विशेष दृष्टी होती. कार्ल झाइट्स नावाचा एक तरुण शिक्षक, अनाथालयात वाढलेला आणि समाजवादी विचारांचा. त्याच्या राजकीय कार्याबद्दल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. शिक्षकाने काय शिकवावे यापेक्षा तो कोणाच्या बाजूचा आहे, हे जेव्हा अधिक महत्त्वाचे ठरते, तेव्हा शाळेचे काय होते हे मी निराळे सांगावयास नको. तसेच, मताच्या हक्कामुळे मोठ्या झालेल्या या पुढाऱ्याने, खऱ्या अर्थाने गरीब असलेल्या मजुरांस मात्र तो हक्क पुरता दिला नाही. १९०० साली सर्व पुरुषांसाठी मतदारांचा एक चौथा वर्ग निर्माण केला. पण नगरसभेच्या १५८ जागांपैकी त्याच्या वाट्याला जागा आल्या केवळ २०. आपल्या पायरीपर्यंत येऊन जिना काढून घ्यावा, तसा हा प्रकार होता.

यहुद्यांविषयी त्याची वागणूक दुटप्पी होती. सभेत त्यांच्यावर आग पाखडावी आणि खाजगीत यहुदी गृहस्थांकडे भोजनास जावे. याविषयी कोणी छेडले असता, यहुदी कोण हे मी ठरवितो, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. त्याचे चाहते हे वाक्य विनोद म्हणून सांगत. वस्तुतः त्यात विनोदापेक्षा भय अधिक आहे. माणसाची माणुसकी त्याच्या स्वतःच्या ठायी नसून पुढाऱ्याच्या मर्जीत आहे, असाच त्याचा अर्थ होतो. १९०५ साली रशियात क्रांतीचा उठाव व यहुद्यांच्या कत्तली झाल्या, तेव्हा लुएगर याने व्हिएन्नाच्या यहुद्यांना भर सभेत बजाविले की, आम्ही खुनाखुनी करणारे नव्हे. पण तुम्ही क्रांतिकारकांना साथ द्याल, तर रशियात झाले तसे येथेही होऊ शकेल. शहराचा नगराध्यक्ष आपल्याच नागरिकांशी बोलत होता, हे विसरता कामा नये.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. लुएगरच्या कारकिर्दीत व्हिएन्नात यहुद्यांची कत्तल झाली नाही, त्यांची दुकाने लुटली गेली नाहीत, बादशहाचा कायदा त्यांचे रक्षण करीत होता. विख्यात लेखक स्टेफान झ्वाइग हे स्वतः यहुदी. त्यांनीही आपल्या आठवणींत लुएगरच्या नगरकारभाराला न्यायी म्हटले आहे. मग केवळ निवडणुकीपुरते काही कठोर बोलले गेले, त्याचे एवढे अवडंबर कशाला?

याचे उत्तर लुएगरच्या नव्हे, त्याच्या श्रोत्यांच्या चरित्रात आहे. वक्ता मनातून द्वेष करीत नसेलही. त्याला मते हवी असतील आणि मते मिळाली की तो विसरेल. परंतु सभेत बसलेला शिंपी ते शब्द घरी नेतो. तो ते रात्री मुलांसमोर बोलतो. शेजारच्या यहुद्याचा मुलगा शाळेत आपल्या मुलापुढे गेला, म्हणजे त्याला ते आठवतात. वीस वर्षे हे शब्द नगरसभेतून, चर्चमधून, मंडळांच्या वार्षिक सभांतून ऐकलेल्या पिढीस ते शब्द राहात नाहीत, ते व्यवहारज्ञान होते. वक्त्याचे हत्यार श्रोत्याचा स्वभाव बनते.

१० मार्च १९१० रोजी लुएगर मधुमेहाने वारला. अखेरच्या काळात त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच्या अंत्ययात्रेस लाखो लोक लोटले. त्या गर्दीत रंगीत चित्रे विकून पोट भरणारा एक वीस वर्षांचा बेकार तरुण उभा होता. त्याचे नाव ॲडॉल्फ हिटलर. त्याने पुढे आपल्या ग्रंथात स्वतःच हे सांगितले असून, लुएगरची गणना थोर नगराध्यक्षांत केली आहे. लुएगरचे यहुदीविरोधी धोरण पुरेसे कडक नव्हते, एवढीच त्याची तक्रार होती. लुएगरने हिटलर घडविला असे मी म्हणणार नाही. इतिहास इतका सरळ नसतो. परंतु एका समाजाला शत्रू ठरवून साध्या माणसांची फौज उभी करता येते, हे त्या तरुणाने व्हिएन्नात पाहिले. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले, तेव्हा व्हिएन्नाच्या रस्त्यांवर प्रतिष्ठित यहुदी डॉक्टर-प्राध्यापकांना गुडघे टेकवून फरसबंदी घासावयास लावण्यात आले आणि भोवती जमलेले शेजारी हसत होते. हे हसू सैन्याबरोबर आलेले नव्हते, ते आधीपासून शहरात होते. पुढील सात वर्षांत ऑस्ट्रियातील सुमारे ६५ हजार यहुदी मारले गेले. वृद्ध फ्रॉइड यांना लंडन गाठावे लागले. झ्वाइग यांनी त्याआधीच देश सोडला होता. १९४२ साली परदेशी, ब्राझील येथे, त्यांनी आपले जीवन संपविले. ज्या शहराच्या कारभाराला त्यांनी न्यायी म्हटले, त्यात त्यांना राहावयास जागा उरली नव्हती.

आता कोणी म्हणेल, लुएगरने आणलेले पाणी तर आजही लोक पितात. थोडा द्वेष सहन केला म्हणून एवढी कामे झाली. बंधुभगिनींनो, हाच या विषयाचा गाभा आहे. ही कामे द्वेषावाचून झालीच नसती का? व्हिएन्नाला पर्वतातील झऱ्यांचे पाणी देणारा पहिला जलमार्ग १८७३ साली वाहू लागला. तो उदारमतवाद्यांनी बांधला आणि त्यासाठी कोणाचा द्वेष करावा लागला नाही. लुएगरनंतर, पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत, त्याच नगरपालिकेने १९३४ पर्यंत गरिबांसाठी ६० हजारांहून अधिक घरे बांधली. त्यांतील बहुतेक काळ नगराध्यक्ष कोण होता? ज्याच्यावर लुएगरच्या अमदानीत कारवाई झाली तोच शिक्षक, कार्ल झाइट्स. त्यालाही कोणता समाज शत्रू ठरवावा लागला नाही. म्हणजे नळातील पाण्याची किंमत द्वेषाने मोजावी लागते, हे खरे नाही. ते दोन स्वतंत्र जिन्नस आहेत. पुढारी ते एका पुडीत बांधून देतो आणि आपण पुडी सोडून पाहात नाही.

लुएगरचा भव्य पुतळा व्हिएन्नात १९२६ साली बसला, तो या झाइट्सच्याच अमदानीत. शहराच्या मुख्य राजमार्गाच्या एका भागालाही त्याचे नाव होते; २०१२ साली ते काढून विद्यापीठाचे नाव दिले. २०२० साली पुतळ्यावर लोकांनी ‘लाज’ या अर्थाचा शब्द रंगविला आणि मोठा वाद माजला. २०२३ साली परीक्षकांनी एका कलावंताची योजना निवडली. तिच्याप्रमाणे पुतळा हलवावयाचा नाही, तो साडेतीन अंशांनी कलता करावयाचा. काम पाहून पुतळा ठेवावा आणि वाणी आठवून तो कलता करावा, असा त्या शहराचा हा तोल आहे. एका नगराध्यक्षाचा हिशेब शंभर वर्षांतही मिटलेला नाही.

आपले मंडळ ज्ञातीच्या उन्नतीसाठी आहे. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती, वधूवर सूचक केंद्र, गरजूंस औषधोपचार, ही आपली कामे. आपल्या मुलाला नोकरी मिळावी, आपल्या धंद्याला कर्ज मिळावे, असे म्हणण्यात काहीही गैर नाही. आपली गाऱ्हाणीही खरी आहेत, जशी त्या शिंप्यांची खरी होती. म्हणूनच आपल्या व्यासपीठावर येणारे पुढारी आपली गाऱ्हाणी नेमकी ओळखून बोलतात. त्यांना हार घालावा, चहापान द्यावे. परंतु भाषण ऐकताना तीन प्रश्न मनाशी जरूर विचारावेत. पहिला, हा गृहस्थ आपल्या दुःखावर उपाय सांगतो आहे, की केवळ एका जातीचे अगर धर्माचे नाव सांगतो आहे? दुसरा, याने केलेले अगर करू म्हटलेले काम, कोणाला दूर लोटल्यावाचून होण्याजोगे आहे की नाही? आणि तिसरा, हे भाषण आपला शेजारी, ज्याच्याविषयी ते आहे तो, आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसला असता, तर आपण टाळी वाजविली असती का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर हात मांडीवर ठेवावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. पुढारी काय बोलेल हे आपण ठरवू शकत नाही. परंतु टाळी आपली असते, आणि लुएगरचे सारे राज्य टाळ्यांवर उभे होते.